खिडकीतून टाकलेले रुमाल

एसटी स्टँडवर गाडी लागली की दाराशी झुंबड उडते. त्याच वेळी खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडत असतात. ज्याचा रुमाल त्याची जागा. महामंडळाच्या कुठल्याही पुस्तकात या नियमाला आधार नाही, तरी तो सगळे पाळतात. भांडण पेटतं ते वेगळ्याच कारणाने. एकच गृहस्थ चार आसनांवर चार रुमाल टाकून बसलेले असतात आणि विचारलं की ‘माणसं येतायत’ एवढंच म्हणतात. माणसं खरंच येणार असतील तर कुणी फारसं बोलत नाही. पण एकट्यासाठी चांगली जागा पक्की व्हावी म्हणून चार अडवल्या असतील, तर दांडीला लोंबकळणाऱ्याला जो राग येतो त्याला कायद्याचं कलम लागत नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा विभागाच्या संगणकात एच-१बी या कुशल कामगारांच्या व्हिसासाठी नोंदण्यांचे असेच रुमाल येऊन पडले. एकूण ७,८०,८८४. आदल्या वर्षी हा आकडा ४,८३,९२७ होता. जागा दोन्ही वर्षी तेवढ्याच, ८५,०००. विभागाने ग्राह्य धरलेल्या ७,५८,९९४ नोंदण्या तपासल्या, तेव्हा त्यातल्या ४,०८,८९१ नोंदण्या अशा लोकांच्या निघाल्या, ज्यांची नावं एकापेक्षा जास्त कंपन्यांनी दिली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक रुमाल ‘माणसं येतायत’ या जातीचे होते.

यातले किती लबाडीचे आणि किती सरळ, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. नियमाच्या अक्षरात बसणारं पण त्याच्या हेतूत न बसणारं वागणं न्याय्य म्हणायचं का, हा प्रश्न त्या गर्दीतच दडलेला आहे. कुशल कामगारांच्या व्हिसाइतकं त्याचं चांगलं उदाहरण सापडणं कठीण, कारण इथे पळवाट शोधणारे, ती मुद्दाम ठेवणारे आणि तिच्यामुळे मागे राहणारे अशी सगळीच पात्रं एका रांगेत उभी आहेत.

दहा डॉलरची नोंदणी

एच-१बी हा शब्द पुण्या-हैदराबादच्या अनेक घरांत आता रेशन कार्डाइतका ओळखीचा आहे. हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला लोक ‘व्हिसा बालाजी’ म्हणतात. मागणं मागताना अकरा प्रदक्षिणा, व्हिसा हाती पडला की एकशे आठ. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी साधारण सत्तर टक्के अर्ज भारतात जन्मलेल्यांचे असतात, तेव्हा देवालाही या खात्याची माहिती ठेवावी लागणारच.

व्हिसाचं मूळ १९५२ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यात आहे. असाधारण योग्यतेच्या परदेशी माणसांना तात्पुरत्या कामासाठी बोलावता यावं म्हणून त्यात ‘एच-१’ नावाची सोय होती. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये थोरल्या बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि त्या सोयीतून एच-१बी वेगळा निघाला. योग्यतेची अट खाली आली. किमान पदवी लागेल असं विशेष ज्ञानाचं काम असलं की पुरे. त्याच्या बदल्यात वर्षाला ६५,००० ही मर्यादा आली. वाय-टू-के आणि डॉट-कॉमच्या लाटेत ती वाढत वाढत १,९५,००० वर गेली आणि २००४ च्या आर्थिक वर्षात पुन्हा ६५,००० वर आली. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी पुढे आणखी २०,००० जागा वाढवल्या. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्थांना मर्यादाच लागू नाही. ही शेवटची ओळ लक्षात ठेवावी, ती पुढे कामाला येणार आहे.

२००७ च्या एप्रिलमध्ये पहिल्याच दिवशी मर्यादेहून जास्त अर्ज आले आणि चिठ्ठ्या टाकून निवड करायची पाळी आली. २०२० पर्यंत चिठ्ठी टाकायची म्हणजे पूर्ण अर्ज तयार करून, फीचे चेक जोडून पाठवायचा, आणि नंबर लागला नाही तर गठ्ठा साभार परत. वकिलाचा खर्च वाया जायचा. ही उधळपट्टी थांबावी म्हणून त्या वर्षीपासून संगणकावर आधी नुसतं नाव नोंदवायची सोय झाली. फी तेव्हा फक्त दहा डॉलर होती. हेतू चांगला होता, पण जुनी पद्धत महाग होती म्हणूनच तिला आपोआप एक कुंपण होतं. दहा डॉलरमध्ये ते कुंपण गेलं.

आता गणित पाहा. २०२३ च्या हंगामात दोन फेऱ्या मिळून १,८८,४०० नोंदण्या निवडल्या गेल्या. निवड झालेले सगळेच पुढे अर्ज करत नाहीत, म्हणून विभाग जागांपेक्षा जास्त नावं काढतो. त्या हिशेबाने एका नोंदणीला साधारण चारात एक संधी होती. तीन कंपन्यांनी एकाच माणसाचं नाव दिलं तर निदान एक चिठ्ठी निघण्याची शक्यता अठ्ठावन्न टक्क्यांवर जाते, पाचांनी दिलं तर शहात्तरवर. खर्च पन्नास डॉलर.

नियमाने याला बंदी होती का? एका मालकाने एका माणसाची एकच नोंदणी करायची, हे स्पष्ट होतं. दोन वेगळ्या कंपन्यांना मात्र एकच माणूस खरोखर हवा असेल तर दोघींनी नाव द्यायला हरकत नव्हती. संधी वाढवण्यासाठी आम्ही संगनमत केलेलं नाही, असं प्रतिज्ञापत्र भरून घेतलं जायचं. म्हणजे तीन नोकऱ्या खऱ्या असतील तर सगळं कायदेशीर, आणि तीन ओळखीच्या फर्मनी आपसात ठरवून नाव दिलं असेल तर गुन्हा. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. फरक असतो तो माणसांच्या मनात.

२०२४ मध्ये विभागाने चिठ्ठी कंपनीच्या नोंदणीची न काढता माणसाची काढायला सुरुवात केली. किती कंपन्यांनी नाव दिलं याला अर्थ उरला नाही. एक पासपोर्ट, एक चिठ्ठी. त्या वर्षी ग्राह्य नोंदण्या ४,७०,३४२ वर उतरल्या आणि एकाहून अधिक कंपन्यांनी दिलेल्या नावांच्या नोंदण्या ४,०८,८९१ वरून ४७,३१४ वर. एका वर्षात अमेरिकेतल्या कंपन्यांना अचानक तेवढी माणसं नकोशी झाली, असं समजायला काही कारण नाही.

खोटं, पळवाट आणि मधली जागा

व्हिसाच्या चर्चेत ‘घोटाळा’ आणि ‘पळवाट’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. दोन्ही बाजूंना ते सोयीचं असतं. विरोधकाला प्रत्येक पळवाट गुन्हा वाटते आणि लाभार्थ्याला गुन्हाही नुसती पळवाट वाटते.

खोटं ओळखायला सोपं असतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या एका स्टाफिंग कंपनीच्या मालकांनी २०२४ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. अमुक कंपनीत काम तयार आहे असं दाखवून त्यांनी अर्ज भरले होते आणि ते काम अस्तित्वातच नव्हतं. व्हिसा आधी मिळवायचा, माणूस हाताशी ठेवायचा आणि मग गिऱ्हाईक शोधायचं, असा धंदा. बॉडीशॉपिंगच्या या दुनियेत काम नसलेल्या माणसाला ‘बेंचवर’ म्हणतात. बेंचवरच्या माणसालाही पगार द्यायचा, असं कायदा १९९८ पासून सांगतो. पगार बंद केला तर ती पळवाट होत नाही, सरळ चोरी होते.

मधली जागा अधिक निसरडी आहे. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये इन्फोसिसने अमेरिकी सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलर भरून तडजोड केली. बैठका आणि व्यवहाराच्या बोलण्यांसाठी असलेल्या बी-१ व्हिसावर आलेली माणसं प्रत्यक्षात प्रकल्पांवर काम करत होती, असा सरकारचा आरोप होता. कंपनीने पद्धतशीर फसवणुकीचा आरोप नाकारला आणि कागदपत्रांतल्या चुका मान्य केल्या. बी-१ ला मर्यादा नाही, किमान वेतनाची अट नाही. गिऱ्हाइकाच्या कार्यालयात आठवडाभर ‘बैठक’ चालली आणि तिच्यात कोडही लिहिलं गेलं, तर बैठक कुठे संपली आणि काम कुठे सुरू झालं?

शिक्षणाच्या वाटेवरही अशीच धूसर जागा आहे. विद्यार्थी व्हिसावर शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करता येतं, आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तशी गरज असेल तर पहिल्या दिवसापासून. लॉटरीत तीनदा नंबर न लागलेले कितीतरी जण दुसऱ्या ‘मास्टर्स’ला नाव घालतात, नोकरी चालू ठेवतात आणि महिन्यातून एखादा शनिवार-रविवार वर्गात बसून येतात. हे नियमात बसतं. २०१९ च्या जानेवारीत मिशिगनमधल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’चे दरवाजे बंद झाले, तेव्हा कळलं की ते विद्यापीठ अमेरिकी गृहसुरक्षा खात्याच्याच लोकांनी सापळा म्हणून उभं केलं होतं. वेबसाइट होती, बोधचिन्ह होतं, फी घेतली जात होती. वर्ग आणि शिक्षक तेवढे नव्हते. नाव घातलेले सुमारे सहाशे, त्यातले बहुतेक भारतीय. विद्यार्थी जमवणाऱ्या आठ दलालांवर खटले झाले. शिकायचं नाही हे विद्यार्थ्यांना ठाऊक होतं, असं सरकार म्हणालं. सरकारच्याच यादीत नाव असलेलं विद्यापीठ खोटं कसं समजायचं, असं विद्यार्थ्यांच्या बाजूने विचारलं गेलं. वर्गच नसलेलं विद्यापीठ आणि महिन्यातून दोन दिवस वर्ग भरवणारं विद्यापीठ यांच्यात कायद्याने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. विद्यार्थ्याच्या रोजच्या दिवसात ते अंतर दोन दिवसांचं आहे.

साठ हजारांची मेख

पळवाट म्हटलं की कायद्याच्या भिंतीत चुकून राहिलेलं भोक डोळ्यांपुढे येतं. एच-१बी मधली सगळ्यात मोठी पळवाट मात्र चुकून राहिलेली नाही. ती अमेरिकी संसदेने मोजूनमापून ठेवली आहे.

२०१४ च्या शरद ऋतूत फ्लोरिडातल्या ऑर्लँडो इथे डिस्नेच्या माहिती-तंत्रज्ञान विभागातल्या सुमारे अडीचशे लोकांना बोलावून सांगण्यात आलं की त्यांच्या नोकऱ्या नव्वद दिवसांत संपतील. त्या नव्वद दिवसांत त्यांनी आपलं काम कंत्राटदार कंपन्यांच्या माणसांना शिकवायचं होतं. आलेल्यांपैकी अनेक जण एच-१बीवर होते. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीतल्या शेकडो लोकांचं काम टीसीएस आणि इन्फोसिसकडे गेलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सार्वजनिक विद्यापीठानेही २०१७ मध्ये तोच कित्ता गिरवला. बदली माणसाला हाताला धरून शिकवायचं आणि मग खोकं उचलून बाहेर पडायचं, या चित्राने अमेरिकेत एच-१बीबद्दलचं मत जितकं बिघडवलं तितकं कुठल्याही अहवालाने बिघडवलं नसेल.

डिस्नेतून बाहेर पडलेल्यांनी डिस्नेवर आणि एचसीएल व कॉग्निझंट या कंत्राटदारांवर दावा लावला. २०१६ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. कंत्राटदारांनी अर्जात लिहिलेली विधानं खोटी ठरत नव्हती. असं कसं?

१९९८ च्या कायद्याने ज्या कंपनीत पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक लोक एच-१बीवर आहेत, तिला ‘एच-१बीवर अवलंबून’ म्हटलं. (छोट्या कंपन्यांची मोजणी वेगळी आहे.) अशा कंपनीने आधी अमेरिकी माणूस शोधायचा आणि कुणा अमेरिकी कामगाराला, गिऱ्हाइकाच्या कार्यालयातल्यालाही, हटवायचं नाही. नियम चोख होता. फक्त त्याच्या शेवटी एक सवलत होती: ज्या परदेशी कामगाराला वर्षाला ६०,००० डॉलर पगार आहे किंवा जो पदव्युत्तर आहे, त्याच्यापुरत्या या अटी लागू नाहीत. १९९८ मध्ये ६०,००० डॉलर हा चांगला पगार होता. महागाईच्या हिशेबाने तो आजच्या १,१५,००० डॉलरच्या आसपास भरतो. पण कायद्यातला आकडा २५ वर्षांहून अधिक काळ तिथेच आहे. त्यामुळे कंपनीने ६०,००० च्या थोडा वर पगार लिहिला की अमेरिकी माणूस शोधण्याचं आणि न हटवण्याचं बंधन सुटलं. आणि ज्या कंपन्या ‘अवलंबून’ नाहीत, त्यांना हे बंधन मुळात नव्हतंच.

पगाराच्या मोजपट्टीतही अशीच गंमत आहे. त्या भागात त्या कामाला जो दर चालतो, त्याहून कमी द्यायचं नाही, असा नियम. पण ‘चालता दर’ चार पायऱ्यांत मोजला जातो. पहिली पायरी अशी बसवली आहे की त्या भागातल्या त्या कामाच्या शंभरातल्या सुमारे ८३ जणांना तिच्याहून जास्त पगार असतो; दुसरी ६६ जणांच्या खाली. मधला पगार तिसऱ्या पायरीवर भेटतो. २०१९ च्या एच-१बी मंजुऱ्यांपैकी साठ टक्के पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या होत्या, असं इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये दाखवून दिलं. एकही कंपनी कायदा मोडत नव्हती. मोजपट्टीच आखूड होती, आणि ती कापणारा हात सरकारचा होता.

इथे न्याय्यतेचा प्रश्न दोन भागांत फुटतो. टीसीएस, कॉग्निझंट किंवा डिस्ने यांनी मिळालेली सवलत वापरली म्हणून त्यांना दोष द्यायचा, की ती सवलत तशीच राहू देणाऱ्या अमेरिकी संसदेला? आकडा बदलायची विधेयकं दोन्ही पक्षांकडून पुन्हा पुन्हा आली. एकही पार पडलं नाही. ज्यांना स्वस्त माणूस हवा होता, त्यांचे प्रतिनिधीही वॉशिंग्टनमध्ये बसतात, हे विसरून चालत नाही. पळवाट म्हणजे अनेकदा दोन दबावगटांमधली तडजोड असते. तिची वरची ओळ मतदारांना दाखवायची असते आणि खालची कंपन्यांना.

रुमालाची किंमत कोण मोजतो

तक्रार अमेरिकी कामगाराची ऐकू येते, कारण त्याला मत आहे आणि संसदेच्या समितीपुढे बोलता येतं. रांगेतल्या दुसऱ्या माणसाचा आवाज येत नाही.

पुण्यातून पदवी घेऊन अमेरिकेत एमएसला गेलेली एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणावी. आईवडिलांनी घर तारण ठेवून कर्ज काढलेलं. पदवीनंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असल्याने वाढीव दोन वर्षं तिला काम करता येतं, म्हणजे लॉटरीच्या साधारण तीन खेपा. नोकरी एक, खरी. नोंदणी एक. तिच्या शेजारच्या टेबलावरच्याचं नाव चार फर्मनी दिलंय. २०२३ मध्ये ३,५०,१०३ माणसं तिच्यासारखी होती, एकाच नोंदणीची. त्यांच्या वाट्याची संधी बाकीच्या चार लाख नोंदण्यांनी पातळ केली. त्यातली बहुतेक नावं तिच्याच देशाची, काही तिच्याच कॉलेजची. अमेरिकी माणसाची नोकरी हिरावली गेली की नाही यावर अर्थतज्ज्ञ दोन्ही बाजूंनी शोधनिबंध लिहितात. इथे तेवढ्या वादाची गरजच नाही. जागा ८५,००० वर ठरलेल्या आहेत. एकाची संधी वाढली की दुसऱ्याची तेवढी घटते.

आणि पळवाट वापरणाऱ्यालाही ती फुकट पडत नाही. ज्या फर्मने त्याचं नाव टाकलं तिच्याच पगारपटावर त्याला जावं लागतं. नोकरी सुटली तर दुसरी शोधायला फक्त साठ दिवस. ग्रीन कार्डाच्या रांगेत कुठल्याही एका देशाला वर्षाच्या १,४०,००० नोकरीआधारित कोट्यातला सात टक्क्यांच्या आसपासच वाटा, त्यामुळे भारतीयांची प्रतीक्षा वर्षांवरून दशकांवर गेलेली. व्हिसाची मुदत कागदावर सहा वर्षं. पण ग्रीन कार्डाची रांग चालू असेल तर ती पुन्हा पुन्हा वाढवता येते. २००० साली केलेली ही सोय दयेपोटी होती. तिच्यामुळे ‘तात्पुरता’ कामगार वीस वर्षंही तात्पुरता राहू शकतो, आणि तेवढा काळ पगारवाढ मागताना आवाज खालीच राहतो.

जी पळवाट कुणाला खुपत नाही

मॅसॅच्युसेट्समध्ये विद्यापीठांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःची कंपनी काढायची असते. एच-१बीत नव्या उद्योजकासाठी जागा नाही. २०१४ मध्ये तिथे एक युक्ती निघाली. विद्यापीठांना मर्यादा लागू नाही, हे आठवत असेलच. तर विद्यापीठाने त्या तरुणाला आठवड्याचे काही तास ‘निवासी उद्योजक’ म्हणून नेमायचं, मर्यादेबाहेरचा एच-१बी द्यायचा, आणि मग त्याच्या आधाराने त्याच्या स्वतःच्या कंपनीसाठी दुसरा, जोड व्हिसा काढायचा. लॉटरीच नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने हे उघडपणे केलं, राज्य सरकारच्या पाठिंब्याने, आणि पुढे इतर ठिकाणीही ते उचललं गेलं.

ही पळवाटच आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात विद्यापीठाची सवलत संशोधकांसाठी होती. तरी तिच्यावर फारशी बोंब झाली नाही. कारणं तीन दिसतात: ती लपवून केली नाही, कुणाच्या नोंदणीची संधी तिने कमी केली नाही, आणि तिच्यातून आलेल्या माणसाने कुणाची खुर्ची घेतली नाही, स्वतःची आणली.

याच्या उलट ग्रीन कार्डाच्या जाहिरातींचं प्रकरण. एच-१बीवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला कायमचं ठेवायचं असेल तर कंपनीने आधी त्याच्या जागेची जाहिरात देऊन लायक अमेरिकी माणूस मिळत नाही हे दाखवायचं असतं. त्यात रविवारच्या वर्तमानपत्रातल्या दोन जाहिराती आल्याच. खुर्चीत माणूस आधीच बसलाय आणि कंपनीला तोच हवा आहे. त्यामुळे जाहिरात अशी द्यायची की कुणी अर्जच करू नये, ही कला झाली. २००७ मध्ये पिट्सबर्गच्या एका वकिली फर्मच्या परिसंवादाची चित्रफीत इंटरनेटवर आली. त्यात वकील मोकळेपणाने सांगत होते की पात्र अमेरिकी माणूस न सापडणं हेच आपलं ध्येय आहे. पुढे न्याय खात्याने मोठ्या कंपन्यांना गाठलं. एरवी सगळी भरती ऑनलाइन करणाऱ्या फेसबुकने आणि अॅपलने या जागांसाठी मात्र अर्ज टपालाने मागवले होते. फेसबुकने २०२१ मध्ये एकूण १ कोटी ४२ लाख डॉलरपर्यंतची तडजोड केली, अॅपलने २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलरची.

यात लबाडी आहे, पण ती ज्याच्यासाठी केली तो माणूस अनेकदा दहा वर्षं तिथे राबलेला, मुलं तिथल्या शाळेत असलेला असतो. आणि अर्ज टपालाने पाठवायला लागल्याने ज्याची संधी हुकली तोही खरा माणूसच. कायद्याने मागितलेली परीक्षाच मुळात कुणी गंभीरपणे द्यावी अशी नव्हती.

एक भोक बुजवलं की

सरकारही गप्प बसलेलं नाही. २०१० मध्ये सिनेटर चक शूमर यांनी सीमासुरक्षेचा खर्च काढण्यासाठी निम्म्याहून अधिक माणसं व्हिसावर असलेल्या कंपन्यांवर दोन हजार डॉलरची जादा फी बसवली. भाषणात त्यांनी इन्फोसिसला ‘चॉप शॉप’ म्हटलं. चोरीच्या गाड्या मोडून सुटे भाग विकणाऱ्या दुकानाला अमेरिकेत हे नाव आहे. पुढे फी दुप्पट झाली आणि भारताने २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली.

२०२५ च्या १९ सप्टेंबरला ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम लावली. विमानतळांवर एक दिवस घबराट उडाली, मग खुलासा आला: जुन्या व्हिसाधारकांना नाही, आणि मुख्यतः अमेरिकेबाहेर असलेल्यांसाठीच. म्हणजे हिंजवडीतून थेट जाणाऱ्याला दार जवळपास बंद, आणि तिथेच शिकणाऱ्याला उघडं. साहजिकच अमेरिकेतल्या पदवीचा भाव आणखी वाढला, आणि तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून काम देणाऱ्या महाविद्यालयांचाही. दुसरीकडे, ‘असामान्य क्षमते’च्या ग्रीन कार्डासाठी लागणारे पुरस्कार, परीक्षकपदं आणि लेख जमवून देणाऱ्या ‘प्रोफाइल बिल्डिंग’ एजन्सींचा धंदा जोरात आहे. दहा निकषांपैकी तीन पुरे असतात, आणि पैसे भरून मिळणाऱ्या पुरस्कारांची जगात वाण नाही.

कामही जागा बदलतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ब्रिटा ग्लेनन यांनी दाखवलं आहे की एच-१बी आवळला की बहुराष्ट्रीय कंपन्या ती कामं कॅनडा, भारत आणि चीनमधल्या आपल्या कार्यालयांत हलवतात. पुण्याच्या खराडी आणि बालेवाडीत उभी राहिलेली परदेशी कंपन्यांची केंद्रं पाहिली की हे निष्कर्ष कागदावरचे राहत नाहीत.

शेवटचा बदल सगळ्यात मजेशीर आहे. लॉटरी पूर्ण नशिबावर नको, म्हणून २०२५ च्या डिसेंबरमध्ये नवा नियम पक्का झाला: पगाराची पायरी जितकी वरची, तितक्या जास्त चिठ्ठ्या. पहिल्या पायरीवरच्या माणसाची एक, चौथ्या पायरीवरच्याची चार. २०२३ मध्ये एका माणसाच्या नावाने चार रुमाल पडले तर चौकशी लागत होती. आता ते सरकारच टाकणार आहे. हेतू कमी पगाराच्या भरतीला आळा घालण्याचा, आणि तो बराचसा साधेलही. पण पायरी ठरते ती हुद्दा आणि गाव यांच्यावरून. छोट्या गावातल्या कमी पगाराच्या हुद्द्याची चौथी पायरी डॉलरमध्ये मोजली तर सिलिकॉन व्हॅलीतल्या प्रोग्रॅमरच्या पहिल्या पायरीपेक्षा खाली असू शकते. चिठ्ठ्या मात्र तिच्याच जास्त.

त्यामुळे २०२६ च्या मार्चपासून नोंदणीच्या फॉर्मवर आणखी काही रकाने आहेत. पासपोर्टचा क्रमांक माणसाचा असतो, तो कंपनीला बदलता येत नाही. पगाराची पायरी, हुद्दा आणि कामाचं गाव मात्र कंपनी लिहिते.